काळ्याचे पांढरे

पांढऱ्यावर काळे करणे हा आम्हा लेखकांचा धंदा. काळ्याचे पांढरे करणे हे काळाचे काम, आणि ते तो आपल्या डोक्यावर कोणी न सांगता चोख बजावत असतो. परंतु काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करणारी आणखी एक कला आहे आणि मराठी टीकेने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅनरवर घालून त्यांची पाहण्याजोगी आणि छापण्याजोगी चित्रे करणे, ही ती कला.

यात कला कसली, असे पुष्कळांना वाटेल. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात पिवळ्या पडलेल्या पाकिटातून निगेटिव्हच्या पट्ट्या निघतात. घरातला एखादा हौशी मुलगा त्या स्कॅनरवर टाकतो, बटण दाबतो, आणि पाच मिनिटांत पणजोबा मोबाईलच्या पडद्यावर अवतरतात. झेरॉक्स काढण्यात जशी कला नसते तशी ती यातही नाही, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज नुसता चुकीचा नाही, तो घातकही आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. निगेटिव्ह स्कॅन करणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. ते वाचन आहे. आणि वाचन म्हटले की चांगले वाचन आणि वाईट वाचन आले, प्रामाणिक वाचन आणि लबाड वाचन आले; म्हणजेच टीकेचे काम आले.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. फिल्मच्या एका अंगावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो ते रसायनात धुतल्यावर शुद्ध चांदीचे होतात. उरलेले हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातात. इतकी बारीक झालेली चांदी भांड्यासारखी चकाकत नाही, ती काळी दिसते. म्हणून निगेटिव्हवर आजोबांची पांढरीशुभ्र टोपी काळीभोर असते आणि त्यांचा काळा कोट जवळजवळ पारदर्शक असतो. तेव्हा आपल्या हातात असते ते चित्र नव्हे. चित्राचा चांदीने लिहिलेला मजकूर असतो.

हा मजकूर कोणत्याही एका प्रिंटपेक्षा मोठा असतो, ही यातली मुख्य गोष्ट आहे. चांगल्या चकचकीत कागदावरसुद्धा सर्वांत पांढरा भाग हा सर्वांत काळ्या भागाच्या साधारण शंभर पटच उजेड परत देतो. उन्हातले अंगण आणि ओसरीतला काळोख यांत जो फरक असतो तो याहून कितीतरी मोठा असतो, आणि निगेटिव्ह त्यातला बराचसा धरून ठेवते. कागदाला मात्र तेवढे पेलत नाही. त्यामुळे छापणाऱ्यापुढे नेहमीच प्रश्न उभा असतो: अंगण दाखवायचे की ओसरी? टोपीची घडी दाखवायची की कोटाची गुंडी? ज्या क्षणी तो याचे उत्तर देतो त्या क्षणी तो नक्कल करणारा राहत नाही, अर्थ लावणारा होतो.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण पोथ्यांच्या बाबतीत आपण या वाटेने फार पूर्वी गेलो आहोत. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जाताना त्यांत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला; आणि त्यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही देऊन ठेवली. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि ते १९६६ मध्ये पुरे केले. त्या आवृत्तीत वर एक पाठ दिला आहे आणि खाली इतर पोथ्यांतले भेद दिले आहेत. जिथे संपादकांची पुरी खात्री नव्हती तिथल्या अक्षरांखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढली आहे. मला त्या सबंध प्रचंड आवृत्तीत या नागमोडी रेघेइतके मोठे काहीच वाटत नाही. इतकी विद्वत्ता पदरी असताना 'येथे आम्ही साशंक आहोत' असे छापील पानावर मान्य करायला फार मोठे मन लागते.

या परंपरेतून तीन कामे स्पष्ट वेगळी होतात. पोथी उतरवून घेणे हे एक, तिचा पाठ ठरवणे हे दुसरे, आणि तो लोकांपुढे म्हणून दाखवणे हे तिसरे. निगेटिव्हच्या बाबतीत स्कॅन करणे ही प्रत उतरवणे आहे, पडद्यावर तिच्या छटा जुळवणे हे पाठ ठरवणे आहे, आणि कागदावरची प्रिंट हे पठण आहे. आजकाल ही तिन्ही कामे एकच यंत्र एका बटणाने करून टाकते. सगळा घोटाळा तिथे आहे.

पठण किती निरनिराळे होऊ शकते याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांच्या एका चित्रात आहे. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिको प्रांतात हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळून जाताना त्यांना चंद्रोदयाचा देखावा दिसला. पुढे दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र. प्रकाशमापक वेळेवर हाताला लागेना. चंद्राचे तेज किती असते हे त्यांना ठाऊक होते, त्यावरून अंदाज बांधून त्यांनी एक फिल्म उजेडात घेतली. दुसरी घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले. या एकाच निगेटिव्हच्या त्यांनी आयुष्यभरात तेराशेहून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ करडे आहे आणि त्यात ढगांच्या पुसट रेघा आहेत. जसजशी वर्षे गेली तसतसे आभाळ गडद होत गेले, आणि उत्तरकाळच्या प्रिंटमध्ये तर ते जवळजवळ काजळासारखे काळे आहे. इतकेच नव्हे, तर १९४८ मध्ये त्यांनी मूळ निगेटिव्हचा खालचा फिका भाग रसायनाने थोडा गडद करून घेतला. अॅडम्स तरुणपणी पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली रचना आणि प्रिंट हे तिचे वादन, असे ते म्हणत. आपण बंदिश आणि गायकी म्हणू. बंदिश तीच, पंचविशीत गायलेली वेगळी आणि साठीत गायलेली वेगळी.

आता यांतला खरा चंद्रोदय कोणता? मला विचाराल तर माझे मन सुरुवातीच्या करड्या आभाळाकडे ओढते, कारण त्यात संध्याकाळ अजून शिल्लक आहे. उत्तरकाळच्या चित्रात संध्याकाळ जाऊन नाटक आले आहे. परंतु हा माझ्या रुचीचा प्रश्न झाला. दोन्ही पठणे खरी आहेत, कारण दोन्ही रचनाकाराने स्वतः केली आहेत, आणि पोथी शाबूत आहे.

रचनाकारच नसला म्हणजे मात्र प्रकरण अवघड होते. व्हिवियन मायर ही बाई शिकागो शहरात लोकांची मुले सांभाळून पोट भरत असे आणि गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर फिरत असे. तिने एक लाखाच्या वर चित्रे घेतली, आणि ती जवळजवळ कोणालाही दाखवली नाहीत. गोदामाचे भाडे थकले म्हणून २००७ मध्ये तिच्या पेट्या लिलावात निघाल्या. २००९ मध्ये ती वारली. कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते. पुढे ज्यांच्या हाती त्या पेट्या पडल्या त्यांनी निगेटिव्ह स्कॅन करून तिला जगापुढे आणले, आणि आज तिचे नाव मोठ्या छायाचित्रकारांत घेतले जाते. ही चित्रे पाहताना माझ्या मनात आनंदाबरोबर एक बोच असते. लाखातली कोणती शे-दोनशे निवडायची, चौकोनातले किती ठेवायचे, सावली किती दाट ठेवायची, हे बहुतांशी दुसऱ्यांनी ठरवले आहे. तिची नजर तिची आहे. परंतु तिचा आवाज आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो आहोत. यात त्या लोकांचा दोष नाही. त्यांनी काही केले नसते तर आपल्याला ती नजरही दिसली नसती. म्हणणे इतकेच, की अशा ठिकाणी वाचणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

आणि आपल्या माळ्यावरच्या पेटीतले सगळेच छायाचित्रकार व्हिवियन मायरच्या जातीचे असतात. कोणी काकांनी बॉक्स कॅमेऱ्याने घेतलेल्या त्या बारा बारा चित्रांचा कर्ता आता विचारायला हयात नसतो. म्हणून प्रत उतरवणे म्हणजे काय ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे.

स्कॅनर निगेटिव्हमधून उजेड पाठवतो आणि ठिकठिकाणी किती उजेड पार गेला ते आकड्यांत लिहून ठेवतो. हे आकडे लिहायची साधी रीत २५६ पायऱ्यांची आहे. काटेकोर रीत ६५,५३६ पायऱ्यांची आहे. पाहायला दोन्ही सारखीच वाटतात. परंतु पुढे सावली उजळायला किंवा टोपी सावरायला गेलो की थोड्या पायऱ्यांचे चित्र पायऱ्यापायऱ्यांनी फाटते आणि गालावरचा गुळगुळीत उतार नकाशातल्या डोंगरासारखा दिसू लागतो. म्हणून मूळ प्रत नेहमी १६ बिटांची आणि टिफ स्वरूपात घ्यावी. जेपेग हे पत्राने पाठवायचे पाकीट आहे, दस्तऐवज ठेवायची पेटी नव्हे.

यंत्राचे आपोआप चालणारे बटण याहून धोक्याचे आहे. त्याला चित्र उठावदार दिसायला हवे असते. त्यासाठी ते निगेटिव्हची दोन्ही टोके छाटते: जे फार गडद ते एकदम पांढरे, जे फार विरळ ते एकदम काळे. चित्र छान खुलते खरे. परंतु टोपीची घडी आणि धोतराच्या निऱ्या पांढऱ्या डागात बुडून जातात, आणि आजीच्या केसांतली फुलांची वेणी काळोखात. पोथी उतरवणाऱ्याने प्रत्येक अध्यायाची पहिली आणि शेवटची ओवी गाळावी, तसाच हा प्रकार. चांगली प्रत दिसायला अळणी असते, करडी आणि निस्तेज असते, कारण तिने दोन्ही टोकांना जागा राखलेली असते. मीठ नंतर घालता येते. घातलेले काढता येत नाही. जो माणूस पहिल्याच फटक्यात झकास दिसणारे स्कॅन देतो त्याच्याविषयी मी जरा सावध असतो.

आकाराचा हिशेबही समजून घ्यावा. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर असते. इंचाला २४०० ठिपके या बेताने ते उतरवले, तर लांबीत सुमारे ३४०० ठिपके मिळतात, आणि कागदावर इंचाला ३०० ठिपके धरले तर ११ इंचांची चांगली प्रिंट निघते. बॉक्स कॅमेऱ्याचे चौरस चित्र प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर असते. तेच २४०० च्या बेताने साडेसतरा इंचांपर्यंत जाते. ज्या चित्राची त्या काळी काटकसर म्हणून निगेटिव्हच्याच आकाराची, सव्वादोन इंचांची प्रिंट काढली गेली, त्यात एवढी मोठी भिंत भरेल इतका मजकूर निजलेला आहे! घरच्या त्या इवल्याशा फोटोत ज्यांचे चेहरे तांदळाएवढे होते ती मागे उभी असलेली माणसे अशी पहिल्यांदा भेटतात. मात्र जाहिरातीतल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. भिंगाला जे स्पष्ट दिसत नाही ते ठिपके वाढवून स्पष्ट होत नाही, आणि फिल्मचा कण दिसू लागल्यावर त्याच्या पलीकडे वाचण्यासारखे काही उरत नाही.

धुळीच्या बाबतीत तर यंत्राची एक गंमत आहे, आणि ती मोठी बोधप्रद आहे. काही स्कॅनरमध्ये धूळ व ओरखडे आपोआप पुसण्याची सोय असते. त्यासाठी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फिल्ममधून सोडतात. रंगीत फिल्मचे चित्र रंगद्रव्यांचे असते, आणि रंगद्रव्ये या किरणांना अडवीत नाहीत. अडवते ती धूळ. जिथे किरण अडला तिथे धूळ, असा यंत्राचा न्याय. परंतु साध्या कृष्णधवल फिल्मचे चित्र चांदीचे, आणि चांदी हे किरण अडवते. मग यंत्राला सगळे चित्रच धूळ वाटू लागते, आणि ते नाक, डोळे, पदराचे काठ पुसायला निघते. ज्याला चांदी आणि धूळ यांतला फरक कळत नाही त्याच्या हाती झाडू देऊ नये, हा यातला धडा. कृष्णधवल निगेटिव्हची धूळ आधी हवेच्या फुंकाऱ्याने आणि मऊ कुंचल्याने उडवावी, आणि जी उरेल ती पडद्यावर एकेक करून हाताने टिपावी. कंटाळवाणे काम आहे. परंतु या कामात माणूस त्या चित्रातल्या प्रत्येक इंचाशी बोलून येतो. आमच्या वर्गात शुद्धलेखन तपासताना असेच होते: मुलाचा निबंध खऱ्या अर्थाने वाचला जातो तो तेव्हाच.

बाकीच्या बाबी साध्या आहेत. फिल्मची मंद बाजू रसायनाची आणि चकचकीत बाजू पाठीची. उलट घातली की दुकानाची पाटी उलटी वाचावी लागते आणि डावखुरा मामा उजवा होतो. फिल्म काचेला चिकटली की पाण्यावर तेल सांडावे तशी वर्तुळे उमटतात, म्हणून ती चौकटीत ताणून, काचेपासून किंचित उंच धरतात. स्कॅनर नसला तरी चालते: एकसारख्या उजेडाच्या फलकावर फिल्म सपाट धरून, जवळचे टिपणाऱ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो घ्यावा आणि मग काळ्याचे पांढरे करावे. पुष्कळ जाणकार आज हीच रीत पसंत करतात.

प्रत हाती आली की पाठ ठरवायचा, आणि इथे पाहणे आणि छापणे यांचा रस्ता वेगळा होतो. पडदा स्वतः उजेड देतो. कागद दुसऱ्याचा उजेड परत करतो. पडद्यावर ज्या सावलीत मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर दिसते ती सावली कागदावर शाई प्यायल्यासारखी मिटून जाते. म्हणून पडद्याचा पाठ वेगळा आणि कागदाचा वेगळा. एकच चित्र दोन्हीकडे चालवणारा माणूस नाटकाची संहिता आकाशवाणीवर जशीच्या तशी वाचणाऱ्यासारखा आहे. जुने छापणारे डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडात हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवीत आणि आभाळाला जास्त उजेड देऊन ते गडद करीत. आजचा हात उंदरावर असतो, एवढाच फरक. हातात विवेक हवा तो तेव्हाही हवा होता.

हा विवेक कसा असावा याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या देशातल्या चित्रपटांचे आहे. सत्यजित राय यांचे 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपुर संसार' (१९५९) यांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. त्या वेळी त्या निरुपयोगी ठरल्या होत्या; परंतु कोणीतरी शहाणपणाने ते जळके अवशेष फेकून न देता अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहात ठेवले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणला, कडा आणि सांधे हाताने दुरुस्त केले, आणि एकेक चौकट स्कॅन केली. 'पथेर पांचाली'चा चाळीस टक्क्यांच्या वर आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांच्या वर भाग मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला. जो मिळाला नाही तो इतरत्र जपलेल्या दुय्यम प्रतींतून घेतला. 'अपुर संसार'ची मूळ निगेटिव्ह कामी येईना, तेव्हा तो सबंध दुय्यम प्रतींवरून केला. २०१५ मध्ये हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. हे काम मला भांडारकरच्या आवृत्तीच्या जातीचे वाटते. जिथे मूळ आहे तिथे मूळ, जिथे नाही तिथे जवळची प्रत, आणि कुठे काय घेतले याची जाहीर नोंद. त्यांनी सुब्रत मित्र यांच्या छायेत स्वतःची ओवी घातली नाही.

याच्या उलट उदाहरण 'मुघल-ए-आझम'चे घ्यावे लागते. १९६० चा हा चित्रपट काही भाग सोडता कृष्णधवल होता. २००४ मध्ये तो सबंध रंगवून पुन्हा दाखवण्यात आला. लोकांनी गर्दी केली, आणि लोकांच्या आनंदाला मी नाव ठेवणार नाही. परंतु आर. डी. माथुर यांनी त्यातला बराचसा भाग उजेड आणि सावली या दोनच सुरांत बांधला होता. मूळ चित्रपटात शीशमहालात रंग अचानक फुलतात, आणि तो धक्का हीच त्या प्रसंगाची किमया आहे. सगळेच रंगीत केल्यावर त्या फुलण्याला अर्थ काय राहिला? रंग भरला आणि रंग गेला, असेच म्हणावे लागेल.

आता हा मोह आपल्या घरापर्यंत आला आहे. मोबाईलवर फुकट मिळणारी साधने क्षणात जुना फोटो रंगवून देतात, कण पुसून कातडी मेणासारखी करतात, आणि पुसट चेहरा 'स्पष्ट' करून देतात. यातल्या प्रत्येकाचा निवाडा वेगळा करायला हवा. कण पुसणे हा अडाणीपणा आहे: तो कण म्हणजे चांदी, आणि चांदी म्हणजे चित्र. रंगवणे ही कल्पना आहे. जुन्या काही फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोत आजीचे कुंकू काळे ठिक्कर दिसते. लुगडे लाल होते की काळी चंद्रकळा होती, हे त्या फिल्मवर लिहिलेलेच नाही. यंत्र ते वाचत नाही, यंत्र ते ठोकून देते. आणि ठोकून देताना खाली नागमोडी रेघ मात्र ओढत नाही.

चेहरा 'स्पष्ट' करणे ही या सर्वांत गंभीर गोष्ट आहे. पुसट निगेटिव्हमध्ये जे डोळे नाहीत ते यंत्र कुठून आणते? त्याने पाहिलेल्या असंख्य परक्या चेहऱ्यांतून. म्हणजे आपल्या पणजीच्या कपाळाखाली ते कोणा अनोळखी माणसांचे डोळे बसवते, आणि आपण गहिवरून म्हणतो, किती जिवंत वाटते! ज्या घरात तिचे एकच चित्र आहे तिथे पुढच्या पिढीला तोच चेहरा पणजीचा म्हणून ओळखीचा होईल. पुढे कोणी नात तिच्यासारखी दिसते का, हे त्या परक्या डोळ्यांशी ताडून पाहिले जाईल. एका बाईने आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धाडस केले असेल. त्या एका क्षणाची साक्ष आपण पुसून टाकली, तीही प्रेमापोटी.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, सणासुदीला घरात चार माणसे एखादे रंगीत चित्र पाहून खूश झाली, तर तुमच्या पोटात का दुखते? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे: खुशाल रंगवा. हुकूमशहा होऊन मला कोणाचा आनंद हिरावायचा नाही. कीर्तनकार मूळ आख्यानात पदरची भर घालतोच, आणि श्रोते माना डोलावतात. परंतु कीर्तनकार आपली भर पोथीत लिहून ठेवत नाही. तेवढेच पथ्य आपणही पाळावे. काहीही न पुसलेली, न छाटलेली, अळणी करडी प्रत वेगळी ठेवावी, आणि दोन ठिकाणी ठेवावी. रंगवलेल्यावर 'रंगवलेले' असे लिहावे. आणि फोटोत कोण आहे, कोणाचे अंगण आहे, कोणते साल असावे, ते घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून लिहून घ्यावे, कारण हा पाठ कोणत्याही स्कॅनरला वाचता येत नाही, आणि तो दरवर्षी थोडा थोडा पुसत जातो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह फेकू नये. एकनाथांनी शुद्ध केलेली प्रत झाली, म्हणून त्यांच्या आधीच्या पोथ्या शोधणे अभ्यासकांनी थांबवले नाही. उद्या अधिक चांगला वाचक येईल, अधिक चांगले यंत्र येईल. त्याला वाचायला काही शिल्लक हवे. पेटी उघडताच आंबूस, शिरक्यासारखा वास आला, तर फिल्मचे अॅसिटेट कुजू लागले आहे असे समजावे. ती वेगळी काढावी, आधी उतरवून घ्यावी, आणि बाकीच्या थंड, कोरड्या जागी कागदी पाकिटांत ठेवाव्यात. फार जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती भडकन पेट घेते; तिला घरी न हाताळता जाणकारांकडे न्यावे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून आपल्या आरंभीच्या चित्रपटांचे किती मोठे धन गेले, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

टीकाकाराचे काम काय, असा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. मला त्याचे सर्वांत साधे उत्तर या चांदीच्या पट्ट्यांत सापडते. समोर जे लिहिले आहे ते सगळे वाचावे. जे लिहिलेले नाही ते लिहिले आहे असे म्हणू नये. आपला अर्थ जरूर सांगावा, परंतु तो आपला म्हणून सांगावा. आणि आपल्यामागून येणाऱ्यासाठी मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून उठावे. पुस्तकाच्या बाबतीत हे चुकले तर फार तर एक वाईट परीक्षण छापले जाते. घरच्या माणसाच्या बाबतीत चुकले, तर एक चेहरा कायमचा जातो.